रातची लाईन

कॅमेरा ट्रॅपचं कार्ड लॅपटॉपला लावलं की आमच्याकडे नव्याने आलेली पोरं आधी वाघ शोधतात. हरणं, डुकरं, वानरं, गुराखी सगळे भराभर पुढे ढकलतात आणि पट्टे दिसले की थांबतात. त्यात त्यांचं चुकत नाही. कॅमेरे लावलेलेच असतात वाघासाठी. पायवाटेच्या दोन बाजूंना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरासमोर दोन. कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात आणि ओळख पटवायला दोन्ही बाजू लागतात. पण वाटेवरून जो जाईल त्याचा फोटो निघतोच, आणि प्रत्येक फोटोखाली तारीख, वेळ, तापमान उमटलेलं असतं. नोकरीची काही वर्षं गेल्यावर मी चित्राआधी ती खालची वेळ वाचायला लागलो.

मी भिवापूर तालुक्यातलाच. घरी थोडी कोरडवाहू जमीन, थोडी विहिरीवरच्या ओलिताची. वनरक्षक म्हणून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात आणि त्याच्या कडेच्या बिटांवर काम करत आलोय. हे अभयारण्य 2012 सालचं, 189 चौरस किलोमीटरचं. नागपूर जिल्ह्यातले उमरेड, कुही, भिवापूर आणि भंडाऱ्यातला पवनी अशा चार तालुक्यांत पसरलेलं. व्याघ्रप्रकल्पांच्या मानाने हा तुकडाच. मध्ये गावं, धानाच्या बांध्या, रस्ते, आणि एका अंगाला गोसीखुर्द धरणाचं पाणी. एवढ्या जागेत वाघ, बिबट, रानकुत्री, अस्वल, रानगवा, सांबर, चितळ, रोही, चौशिंगा, भेकर, रानडुक्कर. शिवाय कडेने आमची गुरं आणि आम्ही. इतके जण इथे मावतात कसे, हा प्रश्न मला त्या फोटोखालच्या वेळा वाचताना पडला.

एकाच वाटेचा एक दिवस कार्डावर साधारण असा दिसतो. उजाडल्यावर रानकुत्र्यांची टोळी, शेपटीचे काळे गोंडे हलवत, कुठेतरी पोचायची घाई असल्यासारखी. उन्हं वर आली की चितळ, मोर, वानरं. भर दुपारी गरम वाऱ्याने निघालेले रिकामे फोटो. उतरत्या उन्हात रानगवे. दिवेलागणीला बिबट, पण त्याचा भरवसा नाही. तो पहाटे येईल, दुपारीही येईल, आणि वाघ त्या वाटेवर रोजचा झाला की मुळीच येणार नाही. अंधार पडला की सांबर, डुक्कर, सायाळ. मग वाघ. पहाटेच्या आधी अस्वल, बहुतेक वेळा पाठमोरं. चोवीस तासांत त्या वाटेवर इतकी ये-जा, आणि एका चौकटीत दोन वेगळी मोठी जनावरं क्वचितच.

शाळेतल्या पुस्तकांत जंगलातले प्राणी गुण्यागोविंदाने नांदतात. मला नांदणं कुठे दिसलं नाही. दिसलं ते टाळणं. आमच्या भिवापूरवरून नागपूर-नागभीड छोटी रेल्वे जायची, 2019 मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली ती. एकेरी रूळ, गाड्या दोन्हीकडच्या; एक स्टेशनात उभी राहून दुसरीला वाट द्यायची. दोन्ही ड्रायव्हरांची मैत्री असो वा नसो, धडक कुणालाच परवडणारी नव्हती, म्हणून वेळापत्रक पाळलं जाई. जंगलातलंही तसंच. वाघाने बिबट मारल्याचं आम्ही पाहतो. रानकुत्र्यांनी बिबट झाडावर चढवल्याचंही ऐकतो. म्हणजे भांडण आहेच. ते रोज होत नाही, कारण प्रत्येकाला दुसऱ्याची वेळ आणि दुसऱ्याचा वास ठाऊक असतो.

प्रशिक्षणात आम्हाला गाऊजेचा प्रयोग शिकवला होता. हा रशियातला तरुण शास्त्रज्ञ. त्याचं पुस्तक 1934 मध्ये आलं. त्याने पॅरामेशियम या एकपेशीय जिवाच्या दोन जाती एकाच नळीत, एकाच खाद्यावर सोडल्या. काही दिवसांनी एकच उरली. तेवढंच आमच्या डोक्यात बसलं: एका खाद्यावर दोघे जगत नाहीत. पण प्रयोगाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हरलेल्या जातीला त्याने तिसऱ्या एका जातीबरोबर सोडलं, तर दोन्ही टिकल्या. एक नळीच्या वरच्या पाण्यात चरायची, दुसरी तळाशी. नळी तीच, खाद्य तेच, फक्त जागा वाटली गेली. नळीत वर-खाली एवढीच वाटणी शक्य होती. जंगलात ती वेळेची होते, उंचीची होते, भक्ष्याच्या वजनाची होते, आणि दातांचीही होते.

वजनाची वाटणी आम्हाला पंचनाम्यात कळते. गाय-गोऱ्हा मेला की शेतकरी बोलावतो आणि पहिला प्रश्न असतो, कुणी मारलं? वाघ बहुधा मागच्या पुठ्ठ्यापासून खायला सुरुवात करतो. बिबट पोटाकडून, छातीकडून, आणि जमलं तर शिकार ओढून आडोशाला नेतो किंवा झाडावर चढवतो. रानकुत्र्यांनी मारलेल्या चितळाच्या नरड्यावर दातांची नेटकी जोडी सापडत नाही. बाकीही फारसं काही सापडत नाही, कारण टोळी अर्ध्या तासात हिशेब संपवते. कर्नाटकातल्या नागरहोळेत उल्हास कारंथ आणि मेल सनक्विस्ट यांनी या तिघांच्या खाण्याचा अभ्यास करून 1995 मध्ये तो छापला. वाघाच्या भक्ष्याचं सरासरी वजन नव्वद किलोंच्या आसपास आलं, बिबट आणि रानकुत्र्यांचं चाळिशीच्या आसपास. म्हणजे वाघाचं लक्ष गव्यावर आणि सांबरावर, उरलेल्या दोघांचं चितळावर. त्या दोघांत पुन्हा वाटणी आहे. एक एकटा, दबा धरणारा. दुसरी टोळी, पळवून दमवणारी, आणि तीही दिवसाच्या उजेडात. पुढच्या अभ्यासांत हेही निघालं की तडजोडीचा प्रकार जंगलागणिक बदलतो. कुठे जास्त करून वेळ वाटली जाते, कुठे जागा. आमच्यासारख्या चिंचोळ्या जंगलात जागा थोडी. म्हणून मी घड्याळाकडे पाहतो.

या वाटणीत हरणारा कोण, हेही सांगायला हवं, कारण हरणारा नेहमी गावाकडे येतो. आमच्याकडे तो बिबट. 2013 मध्ये नागझिऱ्याहून वैनगंगा ओलांडून 'जय' नावाचा वाघ आमच्या जंगलात आला आणि अभयारण्याचं नाव देशभर झालं. 2016 च्या एप्रिलमध्ये त्याच्या गळ्यातल्या कॉलरचा संदेश थांबला तो थांबलाच. पण त्याच्या काळात आणि त्याच्या मागे इथे वाघ वाढले. वाघ जंगलाच्या मधल्या भागात ठाम बसले की बिबट कडेला सरकतो; नाल्याच्या झाडीत, गावाच्या उकिरड्यामागे, गोठ्याच्या अंगाला. तिथे त्याला चितळ मिळत नाही, पण कुत्रं मिळतं. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतांमध्ये राहणाऱ्या बिबट्यांची विष्ठा तपासली. त्यांच्या आहारात वजनाने सर्वांत मोठा वाटा निघाला पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा, सुमारे 39 टक्के. आमच्या कडेच्या गावांत लोक हेच साध्या शब्दांत सांगतात: "यंदा कुत्रे कमी झाले ना जी." असं कानावर आलं की मी तिथल्या शाळेत आणि अंगणवाडीत जाऊन येतो. लहान मुलांना दिवेलागणीनंतर एकटं बाहेर सोडू नका, एवढंच सांगायचं असतं.

गवत खाणाऱ्यांची वाटणी अशी थरारक नाही, म्हणून तिच्यावर कुणी बोलत नाही. ट्रान्सेक्टवर, म्हणजे आखलेल्या सरळ रेषेवर, पहाटे चालत जाऊन प्राणी मोजायचे आणि नंतर त्याच रेषेवरच्या चौकोनांत लेंड्या मोजायच्या, हे आमच्या कामातलं सर्वांत कंटाळवाणं काम. मला ते आवडतं. लेंड्यांवरून कळतं की रोही जंगलाच्या कडेला, काटेरी झुडपांत आणि शेतात. सांबर दाट झाडीत आणि चढावर. चितळ गवताच्या मोकळ्या पट्ट्यांत. चौशिंगा पाण्यापासून फार लांब नाही, एकटा किंवा जोडीने. गव्याचं पोट मोठं. भरपूर जाडंभरडं गवत कोंबून ते सावकाश आंबवायला त्याला जागा आहे, वेळ आहे. चौशिंग्याचं पोट लहान, त्याला कोवळी पालवी, पडलेलं फळ, फूल असं निवडूनच खावं लागतं. त्यामुळे गवा जे खाऊन जगतो त्यावर चौशिंगा मरेल, आणि चौशिंगा जे वेचतो त्याने गव्याची दाढही भरायची नाही. आमची गुरं मात्र या दोघांच्या मधे सगळंच खातात, आणि संख्येने सगळ्यांपेक्षा जास्त आहेत.

पण वाटणी खरी पाहायची तर मोहाखाली.

मार्चच्या मध्यापासून मोह फुलतो. फुलं रात्रभर आणि सकाळी उन्हं चढेपर्यंत टपटप पडत राहतात. रसाळ, गोड, उग्र वासाची. ती सगळ्यांनाच हवी असतात. रात्री सायाळ येते, सांबर येतं. पहाटेच्या आधी अस्वल येतं. तोंडाने फुंकर घालत, ओढून घेत फुलं खातं, त्याचा सूं सूं आवाज लांबून ऐकू येतो. झाडावर वटवाघळं असतात, आणि उजेड झाला की वानरं. वानरं फांद्या हलवतात, अर्धं खाऊन टाकतात, म्हणून चितळ त्यांच्या खाली उभे राहतात. चितळाला वाघाचा वास लवकर लागतो, वानराला वरून लवकर दिसतो. एकाने ओरडायचं आणि दोघांनी वाचायचं. यात चितळ वानरावर उपकार करत नाही, वानर चितळावर करत नाही.

या सगळ्यांच्या मध्ये माणसाची पाळी असते. आमचे एक वनमजूर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांच्या घरच्या बाया मोह वेचायला जात, पण उजाडल्याशिवाय झाडाखाली जात नसत. टोपल्या घेऊन झाडापासून अंतरावर बसायच्या, मोठ्याने बोलायच्या, मुद्दाम खाकरायच्या. मी एकदा विचारलं, एवढ्या लवकर येऊन बसता कशाला मग? मामा म्हणाले, "अस्वलाची पाळी झाल्याबिगर आपली पाळी लागत नाई ना साहेब. अन् आपण बसून नाई राह्यलो तर ढोरं सफा करून टाकतेत." अंधारातलं अस्वलाचं, उजेडातलं माणसाचं, उरलेलं चितळाचं आणि गुरांचं. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. अस्वल मागच्या पायांवर उभं राहून तोंडावर पंजा मारतं, आणि तसे चेहरे आमच्या भागातल्या बऱ्याच गावांत आहेत; ते पाहूनच हा नियम टिकला.

गेल्या काही वर्षांत हा नियम सैल झालेला मी पाहतोय. गावाजवळची मोहाची झाडं कमी झाली. शेतातली तुटली, बांधावरची पडली. मग जंगलातल्या झाडांवर गर्दी. आधी पोचेल त्याचा मोह. त्यामुळे काही जण रात्री तीनलाच मोटारसायकलने निघतात, अंधारात एकटेच बॅटरी लावून वेचायला बसतात.   इथे सांगायचं ते एवढंच की झाडं भरपूर होती तोवर पाळी टिकली. झाडं कमी झाली तेव्हा सर्वांत आधी पाळी मोडली ती आपण.

आमचं गाव ज्या पिकासाठी ओळखलं जातं, त्यातही अशी एक वाटणी दडलेली आहे. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. सीझनला सातऱ्यांवर, म्हणजे मिरची निवडायच्या जागांवर, मिरचीचे ढीग पडलेले असतात, बाया देठ खुडत बसलेल्या असतात आणि रस्त्याने जाणारा शिंकत जातो. मिरचीचा तिखटपणा म्हणजे कॅप्सेसिन. तो सस्तन प्राण्यांच्या तोंडाला जाळतो, पण पक्ष्यांना जाणवतच नाही, कारण तो पकडणारी त्यांची संवेदना वेगळ्या घडणीची आहे. रानमिरच्यांवर अमेरिकेत झालेल्या प्रयोगात दिसलं की पक्ष्याच्या पोटातून गेलेलं बी पुढे रुजतं. उंदरासारख्या प्राण्याने चावलेलं बी रुजत नाही. म्हणजे मिरचीने आपलं गिऱ्हाईक निवडलं आहे. आमच्या वावरात हे रोज दिसतं. पोपट लालबुंद मिरची फोडून बी खातो, डुक्कर तिला तोंड लावत नाही. माझे वडील म्हणायचे, मिरचीची राखण सोपी, नुसतं पाखरू हाकायचं. पण ओलिताच्या मऊ जमिनीत कंद आणि गांडुळं असतात आणि डुक्कर त्यांच्यासाठी सरी उकरतो. मिरची न खाताच तो मिरची लोळवून जातो.

वाटणीतला एक जण निघून गेला तर काय होतं, तेही मी माझ्या हयातीत पाहिलं. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडं उतरायची. त्यांच्यातही वाटणी होती. कुणी कातडं फाडणारं, कुणी मान आत घालून मऊ मांस ओढणारं, कुणी कडेकडेने तुकडे वेचणारं. काही तासांत सांगाडा. मग ती दिसेनाशी झाली. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडांत गेलं. भारतात 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर बहुतेक संपली होती. रिकामी जागा रिकामी राहिली नाही. तिथे कुत्री आली. पण कुत्रं गिधाडाचं काम अर्धंच करतं. मेलेलं जनावर तासांत साफ होत नाही, आठवडाभर कुजतो. वर पिसाळण्याचा रोग आला, जंगलातल्या जनावरांना डिस्टेंपर लागायची भीती आली, आणि कुत्र्यांमागे बिबट गावात आला. आता ताडोबा आणि पेंचमध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रातून आणलेली गिधाडं सोडायचा प्रयत्न सुरू झालाय. व्हावा. फक्त त्यांची जागा मधल्या काळात कुत्र्यांनी धरली आहे, आणि ती कुत्री आपली आहेत.

पाणवठ्याबद्दल माझं मत आमच्याच काही लोकांना आवडत नाही. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद घ्यायची प्रथा जुनी. आता तीत हौशी लोकही येतात. त्या रात्री क्रम छान दिसतो. मोर, रानकोंबडी, मग चितळ, सांबर, डुक्कर, अस्वल. मे महिन्यात वाघ पाण्यात मागच्या अंगाने बसला की क्रम मोडतो. बाकीचे दूर झाडीत उभे राहतात, त्यांच्या खुरांचा आवाज येतो, पण ते पुढे येत नाहीत. पाणी मुबलक असेल तर ते दुसरीकडे जातात. म्हणून मग लोक म्हणतात, अजून पाणवठे करा, सौरपंप लावा. काही ठिकाणी ते हवेतच. पण दर किलोमीटरला पाणी केलं तर कोरड्या भागात राहून इतरांना टाळणाऱ्यांचं काय? दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात हा प्रयोग होऊन गेला. कोरड्या उत्तर भागात कृत्रिम पाणी केलं, त्यामागे झेब्रे आणि विल्डबीस्ट आले, त्यांच्यामागे सिंह. तिथे राहणारी रोन जातीची हरणं 1986 ते 1993 या काळात सुमारे साडेचारशेवरून पन्नासच्या खाली आली. नंतर उद्यानाने बरेच पाणवठे बंद केले. आमच्याकडे चौशिंगा कोरड्या कडेला थोड्याशा पाण्यावर तग धरून आहे. त्याच्या वाट्याला चितळांचा कळप आणून बसवू नये, एवढंच माझं म्हणणं.

आता माणूस. आम्ही जंगलाबाहेरचे आहोत असं शहरातून आलेले पाहुणे समजतात, पण जुन्या व्यवस्थेत आमचीही वेळ ठरलेली होती. गुराखी उन्हं वर आल्यावर ढोरं घेऊन निघायचा आणि दिवस मावळायच्या आत परत. सरपणाला बाया चार-पाच जणींनी मिळून जायच्या. शेतात रात्री जागल असायची ती पीक उभं असताना, शेकोटी पेटवून, डबा वाजवून, बहुधा दोघांनी. बाकी रात्र जनावरांची. 2018 मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला; सहा खंडांतल्या 62 प्रजातींचा. जिथे माणसाचा वावर वाढला तिथे सस्तन प्राणी सरकून रात्रीत गेले, सरासरी 1.36 पट जास्त निशाचर झाले. मी ते वाचलं तेव्हा नवल वाटलं नाही. कडेच्या बिटांवरच्या आणि मधल्या जंगलातल्या कॅमेऱ्यांच्या वेळा शेजारी ठेवल्या तर तेच दिसतं. आपण दिवस घेतला, त्यांनी रात्र घेतली. बिनबोलता झालेला व्यवहार.

मग आपण रात्रही मागायला गेलो.

शेतीपंपाची वीज पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हिवाळ्यात गहू, हरभरा, मिरची ओलिताची असते, तेव्हाच रात्रीची पाळी सर्वांत जाचते. जंगलाला लागून वावर असलेला एक शेतकरी मला पांदणीवर रात्री अकराला भेटला. घोंगडी डोक्यावरून घेतलेली, हातात बॅटरी, खांद्यावर फावडं. त्याच पांदणीवर आदल्या दिवशी वाघाचे पंजे उमटले होते आणि ते मीच त्याला दाखवले होते. मी म्हटलं, दादा, कालच सांगितलं ना, रात्री येऊ नका. तो चिडला नाही. म्हणाला, "आमाले का हौस हाय साहेब? लाईन रातची हाय. डुक्कर बी रातचं, वाघ बी रातचा, मंग मी बी रातचाच झालो." मी त्याच्याबरोबर त्याच्या विहिरीपर्यंत गेलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मोटार सुरू झाली, पाणी सरीत सुटलं, आणि तो एकटा वाकून दारं मोडत राहिला. वाकलेला माणूस लांबून अंधारात चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. हे आम्ही गावोगावच्या सभांत सांगतो आणि लोक मान डोलावतात, कारण त्यांना ते आधीच माहीत असतं.

ओलिताच्या वावरात डुक्कर येतो. डुकरामागे वाघ येतो. दिवसा तो तुरीत झोपून राहतो आणि तूर सोंगायला आलेल्यांना त्याचा पत्ता नसतो. वैतागलेला शेतकरी मग वावराभोवती तार ओढतो आणि लाईनवर आकडा टाकून तिच्यात वीज सोडतो. तार डुकरासाठी असते, पण तारेला ते कळत नाही. 'जय'चा मुलगा श्रीनिवास एप्रिल 2017 मध्ये नागभीड भागात अशाच तारेला चिकटून मेला. कुठे तारेऐवजी विष असतं: 2021 सालाच्या पहिल्याच दिवशी आमच्याच अभयारण्यात एक वाघीण आणि तिची पिल्लं विषबाधेने मेलेली सापडली. वीज सोडलेल्या तारांना माणसंही चिकटतात. शेजारचा, भाऊ, एखाद्या वेळी स्वतः तार लावणारा. मी पंचनाम्याला गेलो की लोक मला विचारतात, वाघाचा पंचनामा एवढ्या लवकर आणि आमच्या पिकाचा एवढ्या उशिरा का? या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर कधीच नसतं.

शिकारीचा, तारेचा, विषाचा गुन्हा तो गुन्हाच. तिथे माझ्याकडून सूट नाही. पण मला असं दिसतं की या तालुक्यात जनावरांनी वेळ पाळली आहे आणि माणसाची वेळ माणसाच्या हातात राहिलेली नाही. जागेवरही घाला पडलाय. गोसीखुर्दचा सिमेंटचा उजवा कालवा ब्रह्मपुरीकडे जातो, त्यात जनावरं पडतात आणि खडी भिंत चढू शकत नाहीत. ब्रॉडगेजचं काम जंगलाच्या अंगाने चाललंय. त्यावर उन्नत मार्ग, भुयारी वाटा, कालव्यावर पूल यांची चर्चा होते, होत राहावी. पण त्या गोष्टी महाग आणि वेळखाऊ. रात्रीची लाईन दिवसा करणं त्या मानाने सोपं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे, तिचा दुसरा टप्पा 2023 मध्ये आला, आणि तिचा हेतूच शेतीला दिवसा वीज देण्याचा. सौर कुंपणाला जन-वन विकास योजनेतून मदत मिळते. त्या कुंपणाच्या झटका मशीनने डुक्कर मागे फिरतो, मरत नाही, वाघही मरत नाही.

म्हणून तालुक्यातल्या सरपंचांना, आमदारांना आणि वीज देणाऱ्यांना माझी विनंती आहे. सौर वाहिन्या कुठे आधी जोडायच्या याची यादी करताना फीडरवर किती पंप आहेत एवढंच पाहू नका. त्या फीडरवरची वावरं जंगलाला लागून आहेत का, तेही पाहा. अभयारण्याच्या कडेची गावं यादीत सर्वांत वर घ्या. आमच्या कार्यालयात प्रत्येक गावाच्या शिवारातल्या वाघ-बिबट्यांच्या नोंदी तारखेसकट आणि वेळेसकट आहेत; मागितल्या तर मिळतील. आणि शेतकरी दादांना एवढंच: लाईन रातची असेपर्यंत वावरात एकट्याने जाऊ नका, दोघे जा, बोलत जा, आणि तारेत वीज सोडू नका.